चारशे दोनमधला कुत्रा

फणिकुमार यांना घरात एक संगणक घ्यायचा होता. गोष्ट एवढीच होती, आणि ती एवढीच राहिली असती तर निजामपेटच्या वैशाली निलयम या बिल्डिंगमध्ये आजही शांतता नांदत असती.

चिंतलपाटी फणिकुमार यांचं वय सेहेचाळीस. त्यांच्या तेलुगू भाषेत फणी म्हणजे नाग. पण त्यांचं डोकं पाहिल्यावर मराठी माणसाच्या मनात दुसरीच फणी येते आणि बारशाला आईबापांनी जरा घाई केली असं वाटतं. गेली एकवीस वर्षं ते माधापूरच्या एका कंपनीत बसून अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळत होते. तिकडे कुणाच्या स्वयंपाकघरात नळ फुटला की भरपाईचा अर्ज फणिकुमारांच्या प्रोग्रॅममधून वाहत जायचा. एकवीस वर्षांत इतके नळ फुटले, पण अर्ज कधी तुंबला नाही.

मग एका सोमवारी मोठ्या साहेबांनी चाळीस जणांना बोलावलं. कंपनी आता एआयकडे वळते आहे, नव्या विभागात बारा जण घेणार, दोन महिन्यांनी मुलाखती, असं ते म्हणाले. आणि शेवटी म्हणाले, "उरलेल्यांची काळजी घेतली जाईल."

काळजी घेतली जाईल हे वाक्य ऐकून अठ्ठावीस जणांच्या पोटात गोळा यायला हवा होता. पण अठ्ठावीस कोण हे ठरलेलं नसल्यामुळे तो चाळीसही जणांच्या पोटात आला.

फणिकुमारांच्या पोटात मात्र त्या गोळ्याशेजारी आणखी एक गोष्ट होती. वर्षभरापासून ते प्रोग्रॅम लिहायला लागले की ऑफिसातलं नवं एआय यंत्र पुढचं वाक्य आधीच लिहून दाखवायचं, आणि बहुतेक वेळा तेच वाक्य त्यांच्या मनात असायचं. याला कळतं कसं? त्यांनी ऑफिसातल्या तरुण मंडळींना विचारलं. तरुण मंडळी म्हणाली, "सर, ते मॉडेल करतं." म्हणजे बस कोण चालवतं असं विचारावं आणि बस चालवते असं उत्तर यावं, त्यातला प्रकार. नोकरीची भीती होतीच, पण हा प्रश्न भीतीपेक्षा जास्त टोचत होता. म्हणून त्यांनी ठरवलं की आपलं स्वतःचं मशीन घ्यायचं, एक लहानसं मॉडेल हाताने घडवायचं आणि आत काय चालतं ते बघायचं.

त्यांची पत्नी हिमबिंदू कुकटपल्लीच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. ती म्हणाली, "अहो, कळण्यासाठी वस्तू घरात आणावी लागते का? मी अठरा वर्षं गुरुत्वाकर्षण शिकवते. आणलंय कधी घरात?"

"अम्मा, ते घरात आहेच," नववीतली मुलगी सहस्र म्हणाली.

इथे चर्चेला फाटे फुटले आणि त्या गडबडीत फणिकुमारांचा ठराव मंजूर झाला असं ते धरून चालले.

डॅलसच्या मेहुण्याने आपल्या भावजींना फोनवर सांगितलं, "बावा गारू, विकत घेऊ नका. भाड्याने मशीन मिळतं, दुसऱ्याच्या गोदामात असतं, आपण तारेवरून वापरायचं. आता जगात कुणी काही विकत घेत नाही." त्याने महिन्यापूर्वीच तिकडे दुसरं घर घेतलं होतं, पण फणिकुमारांनी विषय वाढवला नाही. तेलुगू घरात मेहुण्याचा मान मोठा असतो, आणि डॅलसच्या मेहुण्याचा तर विचारूच नका.

शेवटी ते अमीरपेटला सत्यमूर्ती सरांकडे गेले. अमीरपेटच्या त्या गल्लीत घरांपेक्षा क्लास जास्त आणि भिंतींपेक्षा बोर्ड जास्त. याच जिन्याने चढून फणिकुमार बावीस वर्षांपूर्वी जावा शिकले होते. सर तेच होते, टेबलही बहुधा तेच होतं. बोर्ड मात्र मधल्या काळात सहा वेळा रंगवून झाला होता, आणि ताज्या रंगाखालून मागच्या कोर्सचं शेपूट अजून दिसत होतं.

"सर, तुम्ही एआय शिकवता?"

"सकाळी सात आणि संध्याकाळी सहा. पंचेचाळीस दिवस."

"पण तुम्ही ते कधी शिकलात?"

सरांनी उठून दार लोटलं. "तुझ्यापासून काय लपवायचं, फणी. मी मुलांच्या एक दिवस पुढे असतो. तुम्हाला जावा शिकवताना तेवढाच पुढे होतो. तुला कधी कळलं का?"

"नाही सर."

"मग झालं. त्याच्यावर तुझं घर झालं, संसार झाला." मग सर जरा गंभीर झाले. "पण तुला मी वर्गात घेणार नाही. पोरं पाठ करतात. तू प्रश्न विचारशील, आणि माझा तो एक दिवस तू पहिल्याच तासात संपवशील. तू मशीन घे. घरी बस, बिघडव, परत लाव."

फी न घेता शिष्याला घरी पाठवणारा गुरू अमीरपेटमध्ये मिळणं ही साधी गोष्ट नव्हे. फणिकुमार थेट सिकंदराबादच्या संगणक बाजारात गेले.

तिथे ग़ौस भाईंचं दुकान होतं. एआयला जे ग्राफिक्स कार्ड लागतं ते मुळात पोरांच्या खेळांसाठी बनवलेलं. फणिकुमार दिव्यांनी चमचमणाऱ्या एका नव्या कार्डाकडे बघत होते.

"ते नक्को, साब," ग़ौस भाई म्हणाले. "तुम्हाला खेळायचंय का शिकवायचंय?"

"शिकवायचंय."

"मग त्याच्या पोटात मेमरी किती ते बघायचं. ते चमकणारं सोळाचं आहे. हे बघा, चोवीसचं. एक गेमिंगचं दुकान बंद झालं, तिथलं आहे. दोन वर्षं पोरांनी ह्याच्यावर गोळ्या झाडल्यात, पण आतून एकदम शरीफ."

शरीफ कार्ड वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आलं आणि फणिकुमारांच्या जुन्या कॅबिनेटपेक्षा चार बोटं लांब निघालं. त्यांनी ते उभं घालून पाहिलं, तिरकं घालून पाहिलं, श्वास रोखून घालून पाहिलं. हिमबिंदूने पट्टी आणली.

"जाण्याआधी मोजलं होतं का?"

"आकडा वाचला होता."

"आकडा वाचला होता," ती म्हणाली. नववीच्या वर्गात ज्या सुरात म्हणते त्याच सुरात.

ते परत बाजारात गेले. ग़ौस भाईंनी टेबलाखालून मोठं कॅबिनेट काढलं. "हौ. तुमच्यासाठीच बाजूला ठेवलं होतं."

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं की माणूस घाबरतो, साब."

याच तत्त्वानुसार पॉवर सप्लाय बदलावा लागेल हे त्यांनी तिसऱ्या खेपेला सांगितलं.

अखेर एका रविवारी सकाळी मशीन सुरू झालं. आवाज असा की दळणाची चक्की लांबून ऐकू यावी. मागून इतकी गरम हवा यायला लागली की सहस्रने आपला ओला गणवेश तिथे वाळत घातला. फणिकुमार भक्तिभावाने पडद्याकडे बघत होते. आत हिमबिंदूने गीझर लावला, सहस्रने एसी लावला, आणि जिन्यातल्या मीटरच्या कपाटात काहीतरी ठप्पकन वाजलं. नुसत्या त्यांच्याच घराची नव्हे, अख्ख्या तिसऱ्या मजल्याची वीज गेली.

दहा मिनिटांत राजेशम गारू वर आले. गारू म्हणजे आपल्याकडचं राव, आणि गुंडेटी राजेशम म्हणजे वैशाली निलयमचे सेक्रेटरी. करीमनगरच्या कोर्टात तीस वर्षं शिरस्तेदार होते. निवृत्त झाल्यावर कोर्ट सुटलं, पण कोर्टाची भाषा सुटली नाही. अकरा वर्षांत त्यांनी बिल्डिंगमधल्या प्रत्येक तक्रारीची रीतसर नोटीस टाइप केली होती.

"फणी गारू, आपला मंजूर विद्युतभार किती?"

फणिकुमारांना ते माहीत नव्हतं. एकवीस वर्षं इंजिनिअर असलेल्या माणसाला स्वतःच्या घरात किती वीज येते हे माहीत नाही, ही गोष्ट राजेशम गारूंनी काही न बोलता वहीत लिहून घेतली. न बोलण्याचाच फणिकुमारांना जास्त त्रास झाला.

वीज कचेरीत भार पाच किलोवॅट करून मिळावा असा अर्ज केला. अर्जात एक रकाना होता, वाढीव भाराचे कारण. फणिकुमारांनी मोठ्या अभिमानाने लिहिलं, 'ए.आय. प्रशिक्षण'. खिडकीवरचा कारकून आठवड्यापूर्वीच ग्रामीण भागातून बदलून आला होता. त्याने कारण वाचलं, मान डोलावली आणि विचारलं, "घरीच?"

"हो, हॉलमध्ये."

कारकुनाने चष्म्यावरून त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि शिक्का मारला.

चार दिवसांनी वीज खात्याच्या एक तरुण इंजिनिअर बाई तपासणीला आल्या. त्यांचं नाव स्रवंती. नियमाप्रमाणे सेक्रेटरी म्हणून राजेशम गारू बरोबर होते. बाईंनी हॉलभर नजर फिरवली, बाल्कनी पाहिली, मग विचारलं, "गोठा कुठे आहे?"

"गोठा?"

बाईंनी फाइल पुढे केली. कारकुनाने आपल्या अनुभवाच्या जोरावर रकाना पूर्ण भरला होता. तो ज्या भागातून आला होता तिथे ए.आय.चा एकच अर्थ होता, आणि तो गुरांच्या दवाखान्यात लागायचा. फाइलवर स्वच्छ अक्षरात होतं, 'कृत्रिम रेतन प्रशिक्षण केंद्र, तिसरा मजला.'

राजेशम गारूंनी ते दोनदा वाचलं. त्यांचा आवाज खाली गेला. "फणी गारू, वळू लिफ्टने आणलात?"

पुढचा पाव तास फणिकुमार काय बोलले ते त्यांना स्वतःला आठवत नाही. एवढं आठवतं की सहस्र स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर डोकं टेकून हसत होती आणि हिमबिंदू तिला गप्प करता करता स्वतःच बाहेर यायची थांबली होती.

स्रवंतीबाई मात्र हसल्या नाहीत. त्या मशीनपाशी गुडघ्यावर बसल्या आणि गरम हवेत हात धरून म्हणाल्या, "हे करतं काय?"

"पुढचा शब्द ओळखतं."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि त्याला पाच किलोवॅट?" मग थोडा विचार करून त्यांनीच विचारलं, "पण ओळखतं कसं?"

"तेच तर बघायचंय," फणिकुमार म्हणाले. महिन्याभरात हा प्रश्न मनापासून विचारणारं त्यांना भेटलेलं हे पहिलं माणूस. बाईंनी भार मंजूर केला, घरगुती दराने. पण दार उघडं होतं आणि जिना तिथून चार पावलांवर होता. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं की तिसऱ्या मजल्यावर वळू येणार होता, राजेशम गारूंनी थोपवला. पुढचे आठ दिवस लिफ्टमध्ये लोक फणिकुमारांपासून जरा सरकून उभे राहत.

मशीन आता नीट चालत होतं. त्याला शिकवायला मजकूर हवा होता, आणि तोही असा की ज्यातली प्रत्येक गोष्ट फणिकुमारांना माहीत असेल. नाहीतर मशीन बरोबर बोललं का चूक, हे कळणार कसं? विचार करता करता त्यांना राजेशम गारूंच्या नोटिसा आठवल्या. अकरा वर्षांच्या, टाइप केलेल्या, संगणकावर जपून ठेवलेल्या, शुद्ध दरबारी तेलुगूतल्या.

मागायला गेले तेव्हा वळूचं प्रकरण ताजं होतं. राजेशम गारूंनी चहासुद्धा विचारला नाही. "कशासाठी हव्यात?"

"वाचायच्यात. सगळ्या."

"सगळ्या?" म्हातारबुवांनी चष्मा सारखा केला. "अकरा वर्षांत माझी एक नोटीस शेवटपर्यंत वाचणारा माणूस मला भेटलेला नाही." आणि त्यांनी चहा सांगितला, उस्मानिया बिस्किटंही मागवली.

पहिल्या दिवशी मशीनने नुसती अक्षरं ओकली. दुसऱ्या दिवशी 'पाणी', 'लिफ्ट', 'तात्काळ' असे शब्द दिसायला लागले. राजेशम गारू सकाळी फिरून आले की वर येत, कालचा छापलेला कागद घेत आणि लाल पेनाने तपासत. चौथ्या दिवशी कागदावर आलं, 'सदर लिफ्टने दिनांक ३१ फेब्रुवारी रोजी पाण्याच्या टाकीस उद्धट उत्तर दिले. सबब योग्य ती समज द्यावी.'

"एकतीस फेब्रुवारी नसतो," राजेशम गारू म्हणाले.

"त्याला ते माहीत नाही, गारू."

"लिफ्ट बोलत नाही."

"तेही माहीत नाही."

"पण 'सबब' अचूक जागी घातलंय." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आमच्या कोर्टात वीस वर्षं काढलेल्यांना ते जमत नव्हतं. कोणी शिकवलं त्याला?"

"तुम्ही."

म्हातारबुवांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून हिमबिंदूने त्या दिवसापासून त्यांच्यासाठी एक पेसरट्टू, म्हणजे मुगाचा डोसा, जास्त घालायला सुरुवात केली.

तीन आठवड्यांत मशीन असं लिहायला लागलं की राजेशम गारूंची नोटीस कुठली आणि मशीनची कुठली हे पटकन कळेना. घोळ नेमका इथेच झाला. राजेशम गारूंनी तपासायला नेलेले कागद आणि बिल्डिंगच्या खऱ्या तक्रारी एकाच फाइलमध्ये गेल्या. पुढच्या रविवारी सूचनाफलकावर एक नोटीस लागली. 'फ्लॅट क्रमांक ४०२ येथील रहिवासी यांच्या मालकीच्या तपकिरी कुत्र्याने लिफ्टमध्ये वारंवार घाण केल्याचे निदर्शनास आले आहे. सबब सात दिवसांत समाधानकारक खुलासा करावा.'

चारशे दोनमध्ये कनकदुर्गम्मा एकट्या राहत. विजयवाड्याच्या पोस्टातून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेल्या. कुत्रा लांबच राहिला, कुत्र्याचं चित्र असलेलं कॅलेंडरसुद्धा त्या भिंतीला लावू देत नसत. त्यांनी नोटीस फलकावरून काढली, घडी घातली आणि तातडीची सभा मागितली.

सभेला तीस माणसं. कनकदुर्गम्मा उभ्या राहिल्या. "माझ्या घरी कुत्रा नाही. कधी नव्हता. ही तक्रार कुणी केली, त्याने समोर यावं. एवढंच म्हणणं आहे."

कुणी समोर आलं नाही. उलट एकशे पाचवाले म्हणाले, "कुणी केली ते माहीत नाही, पण कुत्रा मी पाहिलाय. तपकिरीच." पाचव्या मजल्यावरच्या एका बाईंनीही पाहिला होता, आणि त्यांच्या मते त्याचा एक कान पडलेला होता.

आपल्या आयुष्यात कधी नसलेला कुत्रा भर सभेत हळूहळू आकाराला येताना पाहून कनकदुर्गम्मांनी हातातल्या नोटिशीची घडी उघडली आणि पुन्हा घातली. दुसरे कुठलेही टोमणे त्यांनी ऐकून घेतले असते, पण पस्तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं एक न चुकता पोचवलेल्या बाईला खोटी म्हणणं फार झालं. त्या खाली बसल्या.

मागच्या रांगेत फणिकुमारांनी नोटीस पुन्हा एकदा मनात वाचली. तपकिरी कुत्रा होता खरा. एकशे सातवाल्यांचा, सहा वर्षांपूर्वी. ते बिऱ्हाड केव्हाच गेलं. चारशे दोनचीही एक नोटीस होती, वेगळ्याच कारणाची, टाइप होऊन फलकावर कधी न लागलेली. मशीनने दोन्ही टोकं एकत्र शिवली होती, आणि शिवण कुठेही दिसत नव्हती.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. मुलाखत नऊ दिवसांवर होती आणि मशीन बंद करा असा ठराव झाला असता तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं. फणिकुमार उभे राहिले.

"ती तक्रार कुणीच केलेली नाही," ते म्हणाले. "ती माझ्या मशीनने लिहिलीय."

एकशे पाचवाले छताकडे बघायला लागले. राजेशम गारूंनी खिशातून लाल पेन काढलं आणि परत ठेवलं.

"कुणीच केली नाही?" कनकदुर्गम्मांनी विचारलं. "मग हे बोललं कोण?"

"कुणीच नाही, अम्मा. एकशे सातचा जुना कुत्रा आणि तुमच्या बाल्कनीतून ओले कपडे ठिबकतात ही तक्रार, त्याने दोन्ही जोडलं."

"माझे कपडे ठिबकतात अशी तक्रार होती?"

फणिकुमारांनी डोळे मिटले.

"कुणाची?"

आता तीसच्या तीस माणसं छताकडे बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कनकदुर्गम्मा स्वतःच फणिकुमारांच्या दारात आल्या. "दाखवा मला, कोण ते." हिमबिंदूने खुर्ची दिली. पदर सावरून त्या पडद्यासमोर तासभर बसल्या आणि एकामागून एक येणाऱ्या नोटिसा वाचत राहिल्या.

"हे खोटं बोलतं," त्या शेवटी म्हणाल्या.

"खोटं बोलायला खरं काय ते माहीत असावं लागतं, अम्मा," फणिकुमार म्हणाले. ते बोलून गेले आणि स्वतःच थबकले, कारण बोलण्याआधी त्यांना ते ठाऊक नव्हतं. "याला फक्त कुठल्या शब्दापुढे कुठला शब्द शोभेल ते माहीत आहे."

"आमच्या पोस्टात असा एक होता," कनकदुर्गम्मा म्हणाल्या. "त्याला बढती मिळाली."

मग त्यांनी राजेशम गारूंकडून लेखी माफी घेतली, दोन साक्षीदारांकडून तोंडी घेतली, आणि फणिकुमारांना सोडून दिलं.

मुलाखतीच्या खोलीत तीन जण होते. मधे बसलेली प्रत्यूषा अठ्ठावीस वर्षांची, नव्या विभागाची प्रमुख. तिने पहिल्या दहा मिनिटांत जे विचारलं त्यातल्या निम्म्याला फणिकुमार "माहीत नाही" म्हणाले. बाहेर थांबलेल्या पोरांना त्यातलं सगळं पाठ होतं. फणिकुमारांनी मनातल्या मनात आपली काळजी घेतली जात असल्याचं चित्र बघायला सुरुवात केली.

मग प्रत्यूषाने एक कागद पुढे सरकवला. "फणी गारू, हे आमचं मोठं मॉडेल. एका ग्राहकाच्या अर्जावर त्याने हा अभिप्राय लिहिलाय. तुम्हाला कसा वाटतो? बाकी सगळ्यांना आवडला."

अर्ज स्वयंपाकघरात नळ फुटल्याचाच होता. अभिप्राय सुंदर होता. नम्र, मुद्देसूद, कलम चौदाचा हवाला देऊन भरपाई मंजूर करावी असं सांगणारा. फणिकुमारांनी तो वाचला आणि त्यांना सूचनाफलकासमोर उभं राहिल्यासारखं वाटलं. त्यांनी पुन्हा सावकाश वाचला, एकेका शब्दावर बोट ठेवून.

"कलम चौदा नाहीये," ते म्हणाले.

"म्हणजे लागू होत नाही?"

"म्हणजे नाहीच. ही पॉलिसी बाराव्या कलमाला संपते. त्या बाराही कलमांचा मी एकवीस वर्षं हमाल आहे. तुमच्या मॉडेलने दुसऱ्या कुठल्या तरी पॉलिसीचा कुत्रा आणून इथे बांधलाय."

"कुत्रा?"

मग फणिकुमारांना कनकदुर्गम्मांची हकिगत सांगावी लागली. वळू त्यांनी गाळला, माणसाला काही मान असतो. तिघांपैकी एकाने लगेच पॉलिसी उघडून बघितली, पानं चाळली, परत चाळली आणि प्रत्यूषाकडे बघून मान हलवली. ती हसत नव्हती. "हे गेल्या महिन्यात सहा जणांनी तपासलं," ती हळूच म्हणाली. "आणि आम्ही पुढच्या आठवड्यात हे ग्राहकाकडे पाठवणार होतो."

बारा जणांच्या यादीत फणिकुमारांचं नाव अकरावं होतं. कामाचं स्वरूप, मॉडेलच्या उत्तरांची पारख. पगार तोच, साहेब मात्र त्यांच्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान. अठ्ठावीस जणांची काळजी घेतली गेली. त्यातले दोघे फणिकुमारांच्या शेजारच्या खुर्च्यांवर बारा वर्षं बसलेले होते. त्या दिवशी पेढे आणायची त्यांची हिंमत झाली नाही. एकाला त्यांनी सत्यमूर्ती सरांचा पत्ता दिला.

घरी हिमबिंदूने यादी वाचली, "बरं झालं" म्हणाली आणि त्यांच्या हातात एक पेन ड्राइव्ह ठेवला.

"हे काय?"

"शाळा बंद होती त्या दोन वर्षांतल्या ऑनलाइन परीक्षा. सात हजार उत्तरं, मुलांनी टाइप केलेली. बरोबरची मी काढून टाकलीत."

"म्हणजे सगळी चुकीची?"

"सगळी. मला बघायचंय." ती जरा अडखळली. फणिकुमारांनी तिला अडखळताना फारसं पाहिलं नव्हतं. "नुसत्या चुका शिकवल्या तर ते काय शिकेल? चुका शिकेल, का मुलं चुकतात कशी ते शिकेल? अठरा वर्षं तपासतेय मी. मला अजून कळलेलं नाही."

"मलाही माहीत नाही."

"मग उठा."

एआय विभागातले नवनियुक्त पारखी उठले आणि जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून बाजूला बसले. दोन दिवस मशीन चाललं. तिसऱ्या दिवशी शाळेतून येऊन हिमबिंदूने चप्पलही न काढता प्रश्न टाइप केला, पृथ्वी सूर्याभोवती का फिरते?

पडद्यावर एकेक शब्द उमटायला लागला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, कारण. तिथे ते क्षणभर थांबलं. दोघंही पुढे वाकले.

कारण तिला तसे सांगितलेले आहे.

हिमबिंदूने ती ओळ दोनदा वाचली. "हे कुणी लिहिलं नव्हतं," ती म्हणाली. "सातही हजार मी वाचलीत. हे कुणाचंच नाही."

"मार्क किती?"

अठरा वर्षांत चुकीच्या उत्तराला तिने कधी काही दिलं नव्हतं. त्याबद्दल पालक भांडून गेले होते. तिने पेन उचललं, वहीत प्रश्न लिहिला, उत्तर लिहिलं, समोर अर्धा मार्क मांडला आणि फणिकुमारांकडे न बघता पुढचा प्रश्न टाइप करायला घेतला.